पुस्तकांस बंदी असावी काय?



‘ग्रंथालयानें वाईट पुस्तकांस बंदी करावी कीं नाहीं?’ हा प्रश्न शाळेच्या वादविवाद-सभेंत वारंवार पुढें येतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ‘निवड’ व ‘बंदी’ या दोहोंतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे.

ग्रंथालयाचें कपाट लहान आणि पैसा थोडा. म्हणून कोणतें पुस्तक घ्यावें व तें कोणत्या इयत्तेच्या हातीं द्यावें, हें ठरवावेंच लागतें. पांचवींतील मुलास वैद्यकाचा ग्रंथ न देणें ही निवड होय. मोठेपणीं तो त्यास मिळणारच असतो. परंतु एखादें मत कोणींच, कधींच वाचूं नये म्हणून पुस्तक काढून टाकणें ही बंदी होय. निवड करणारा वाचकाच्या गरजेकडे पाहतो. बंदी घालणारास विचाराचें भय वाटत असतें.

हें भय बहुधा व्यर्थ ठरतें. पृथ्वी फिरते या मताची बाजू मांडणारा गॅलिलिओचा ग्रंथ १६३२ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं रोमच्या धर्मपीठानें त्यास बंदी केली. निषिद्ध ग्रंथांच्या यादींतून त्याचें नांव १८३५ सालीं गळालें, आणि ती यादीच पुढें १९६६ सालीं रद्द झाली. पृथ्वीनें मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाहीं.

आपल्या देशांतील उदाहरण घ्या. महात्मा गांधींनीं १९०९ सालीं इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस जातांना आगबोटीवर ‘हिंद स्वराज्य’ हें पुस्तक गुजरातींत लिहिलें. १९१० सालीं मुंबई इलाख्यांत त्यावर बंदी आली. त्याच वर्षीं गांधीजींनीं त्याचें इंग्रजी भाषांतर स्वतः प्रसिद्ध केलें. पुढें ६ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईंत त्यांनीं व सरोजिनीदेवींनीं हें पुस्तक उघडपणें विकलें. किंमत चार आणे. पण लोकांनीं आनंदानें अधिक दिले, आणि एका प्रतीस पन्नास रुपये मिळाल्याचें गांधीजींनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे.

मीही एकदां चुकलों आहें. एका विद्यार्थ्यानें एक कादंबरी मागितली. ‘ही तुझ्यासाठीं नव्हे,’ एवढेंच म्हणून मीं ती खणांत ठेवली. कारण सांगितलें नाहीं. कांहीं दिवसांनीं त्यानें ती दुसरीकडून मिळवून वाचली. वाचतांना मनांत आलेल्या शंका मात्र त्यानें मला विचारल्या नाहींत. विचारणार तरी कशा? दार मींच लावून घेतलें होतें.

यास्तव पालकांस विनंति अशी कीं, मुलाच्या हातीं आक्षेपार्ह पुस्तक दिसल्यास तें एकदम हिसकावून घेऊं नये. प्रथम आपण वाचावें. मग त्यास जवळ बसवून त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें, हें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही लपून वाचूं नका. वाचलें त्याविषयीं मोकळेपणानें बोला. खोटें पुस्तक कपाटांतून काढणें सोपें आहे. खोटें ओळखणारी बुद्धि घडविणें कठीण. शाळेचें काम हें दुसरें होय.