बहुवारिकजन्य सिरॅमिक पदार्थांचे उष्णतास्थैर्य

बहुवारिकजन्य सिरॅमिक म्हणजे सिलिकॉनयुक्त बहुवारिक, अर्थात पॉलिमर, निष्क्रिय वायूत तापवून मिळविलेला सिरॅमिक पदार्थ होय. सिलिकॉन कार्बाइड, सिलिकॉन ऑक्सिकार्बाइड, सिलिकॉन कार्बोनायट्राइड हे या वर्गातील प्रमुख पदार्थ आहेत. अति उच्च तापमानास ते टिकावेत म्हणून त्यांच्यात बोरॉन, ॲल्युमिनियम, हाफ्नियम यांसारख्या मूलद्रव्यांची भर घातली जाते.

निर्मिती

सिलिकॉन कार्बाइडचे चूर्ण दाबून व भाजून घट्ट वस्तू बनविण्यास सुमारे २,०००° से. तापमान लागते. बहुवारिकास मात्र आधीच तंतूचा वा लेपाचा आकार देता येतो. नंतर ते ८०० ते १,२००° से.पर्यंत तापविले असता हायड्रोजन व हायड्रोकार्बन वायू निघून जातात आणि अस्फटिकी घन पदार्थ उरतो. जपानमधील तोहोकू विद्यापीठातील सेइशी याजिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पॉलिकार्बोसिलेनपासून सिलिकॉन कार्बाइडचे तंतू तयार केले. त्यातूनच पुढे ‘निकॅलॉन’ हे व्यापारी तंतू विकसित झाले.

अपघटनाची कारणे

हे पदार्थ सहसा वितळून निकामी होत नाहीत. त्यांच्यातीलच घटक एकमेकांशी विक्रिया करून वायू निर्माण करतात. वायू बाहेर पडताना वजन घटते, छिद्रे पडतात, उरलेल्या भागात मोठे स्फटिक वाढतात आणि बळकटी नाहीशी होते. सिलिकॉन, ऑक्सिजन व कार्बन एकत्र असल्यास कार्बन मोनॉक्साइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइड हे वायू निघतात. मूळ निकॅलॉन तंतूंत वजनाने सुमारे १२ टक्के ऑक्सिजन असल्यामुळे ते १,२००° से.च्या पुढे कमजोर होऊ लागत. हवेऐवजी इलेक्ट्रॉन शलाकेने तंतू पक्के करण्याच्या पद्धतीमुळे हे प्रमाण सुमारे ०.५ टक्क्यावर आले.

कार्बोनायट्राइडमध्ये हीच अडचण नायट्रोजनमुळे येते. एक वातावरण दाबाच्या नायट्रोजनमध्ये शुद्ध सिलिकॉन नायट्राइड सुमारे १,८४१° से.पर्यंत टिकते. परंतु कार्बन सोबत असल्यास १,४८४° से.लाच सिलिकॉन कार्बाइड व नायट्रोजन वायू तयार होऊ लागतात. नायट्रोजनचा दाब दसपट केल्यास ही मर्यादा सुमारे १,७००° से.पर्यंत वर सरकते.

बोरॉनचा परिणाम

राल्फ रीडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात २,०००° से.पर्यंत टिकणाऱ्या सिलिकॉन-बोरॉन-कार्बन-नायट्रोजन सिरॅमिकची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या टिकाऊपणाचे स्पष्टीकरण सूक्ष्मरचनेवरून दिले जाते. बोरॉन, नायट्रोजन व कार्बन यांचे वेडेवाकडे थर नायट्राइडच्या अतिसूक्ष्म स्फटिकांभोवती वेष्टन तयार करतात. या वेष्टनात कार्बनची क्रियाशीलता कमी होते, अणूंचे विसरण मंदावते आणि कोंडलेल्या नायट्रोजनचा स्थानिक दाब वाढतो. त्यामुळे अपघटन पुढे ढकलले जाते. मात्र हे स्थैर्य बरेचसे विक्रियेच्या मंदपणावर अवलंबून असल्याने पदार्थ त्या तापमानात किती काळ ठेवला जातो, यालाही महत्त्व असते.

इतर मूलद्रव्ये

ॲल्युमिनियमयुक्त तंतूंत वेगळा मार्ग वापरला जातो. त्यांच्यातील ऑक्सिजन उष्णतेने कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात मुद्दाम काढून टाकतात. त्यानंतर अधिक तापमानात ॲल्युमिनियमच्या साहाय्याने कण एकसंध होतात व राहिलेली छिद्रे भरून निघतात. ऑक्सिकार्बाइडमध्ये हाफ्नियम घातल्यास हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिका यांपासून हाफ्नियम सिलिकेट बनू शकते. त्यामुळे कार्बनशी विक्रिया करणारी सिलिका कमी उरते.

उपयोग व मर्यादा

निष्क्रिय वायूतील स्थैर्यावरून हवेतील टिकाऊपणाचा अंदाज बांधता येत नाही. हवेत पृष्ठभागावर सिलिकेचा संरक्षक थर तयार होतो; पण बोरॉनच्या ऑक्सिडीभवनातून होणाऱ्या बोरॉन ऑक्साइडमुळे त्याची श्यानता कमी होते. जेट इंजिनातील ज्वलनवायूंत पाण्याची वाफ असते. वाफेशी संयोग होऊन सिलिका बाष्परूप हायड्रॉक्साइड बनते आणि थर झिजत जातो. २०१६ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ‘लीप’ इंजिनात सिलिकॉन कार्बाइड तंतूंनी बळकट केलेले सिरॅमिक भाग आहेत. अशा भागांवर वाफेपासून रक्षण करणारा स्वतंत्र लेप द्यावा लागतो. म्हणून भर घालण्याचे मूलद्रव्य निवडताना तापमानाबरोबरच भोवतालचा वायू व वापराचा कालावधीही विचारात घेतला जातो.