थॅलेसेमिया : रक्ताइतकेच महत्त्व लोह काढण्याला

सोलापूर, प्रतिनिधी - थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्त चढले की मूल टवटवीत दिसते आणि पालकांचा जीव भांड्यात पडतो. मात्र, त्याच रक्तातून आलेले लोह यकृतात साठत राहते, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असते. तीन आठवड्यांना एक पिशवी धरली, तरी वर्षाकाठी साडेतीन ग्रॅमच्या आसपास लोह शरीरात जाते. निरोगी प्रौढाच्या संपूर्ण शरीरातच तीन ते चार ग्रॅम लोह असते. दिवसाला बाहेर पडते ते जेमतेम एक मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. त्यामुळे ते प्रथम यकृतात, पुढे हृदय, स्वादुपिंड व अंतःस्रावी ग्रंथींत साचते. परिणामी सिऱ्होसिस, मधुमेह, खुंटलेली वाढ आणि जीवघेणा हृदयविकार उद्भवू शकतो.

यकृत बराच काळ तक्रार करीत नाही, म्हणून तपासणी आवश्यक ठरते. सर्वसाधारणपणे १० ते २० पिशव्यांनंतर किंवा रक्तातील फेरिटिन १,००० नॅनोग्रॅमच्या वर गेल्यास लोह काढणारी औषधे सुरू केली जातात. तापातही फेरिटिन वाढते. यकृतातील लोहाचे नेमके मोजमाप विशिष्ट एमआरआयने होते.

डेस्फेरिऑक्सामाइन हे औषध त्वचेखाली पंपाद्वारे आठ ते बारा तास द्यावे लागते. डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स तोंडाने घेता येतात. डेफेरिप्रोनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात. ताप वा घसादुखी होताच ते थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. डेफेरासिरॉक्स घेताना मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. मूल बरे दिसते म्हणून औषध परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

'रक्त कमी आहे' म्हणून लोहाचे टॉनिक देण्याचा शेजारपाजारचा सल्ला येथे घातक ठरतो. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण कमी करतो, पण तो औषधाला पर्याय नव्हे.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. एवढा प्रवास करून रक्तासाठी येणाऱ्या पालकांनी त्याच खेपेत फेरिटिनच्या तपासणीबाबतही डॉक्टरांना विचारावे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमियाग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी केलेली एचबीए-टू चाचणी ही साखळी मुळातच तोडू शकते.