उतारावरची माती आणि गवताचे आच्छादन

डोंगरउतारावरील माती ओढ्यानाल्यांच्या लोंढ्याने वाहून जाते, आणि म्हणून बांध घातले की मृद्संधारणाचे कार्य सिद्धीस गेले, ही समजूत आपल्या पठारी मुलुखात फार रुजली आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याच्या अंमलात झालेल्या बांधबंदिस्तीचे मोल मोठे आहे, यात संशय नाही. परंतु बांध अडवितो ती सुटलेली माती. ती प्रथम सुटते पावसाच्या थेंबाच्या आघाताने. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने उघड्या भूमीवर आदळतो, ढेकूळ फोडतो आणि सुटलेल्या सूक्ष्म कणांनी जमिनीची छिद्रे बुजवितो. मग जे पाणी मुरावयाचे, तेच पृष्ठभागावरून धावू लागते.

झाडे लावली म्हणजे हा आघात टळतो, हेही अर्धसत्यच होय. सागाच्या रुंद पानांवर पाणी साठून थेंब अधिक मोठे होतात, आणि खालचा पालापाचोळा वणव्यात जळून गेला असेल, तर उंचावरून पडणारे ते थेंब उघड्या रानाइतकीच, प्रसंगी त्याहून अधिक माती उखडतात. खरे संरक्षण जमिनीलगतच्या आच्छादनाचे. पवना, डोंगरी, मारवेल यांसारखी बहुवर्षायु गवते थेंब झेलतात, पाण्याचा वेग मोडतात आणि तंतुमय मुळांनी वरचा थर जखडून ठेवतात.

थंड देशांत गवतासह क्लोव्हर पेरतात, म्हणून येथे त्याच कुळातील बरसीम पेरावे, अशी सूचना कित्येकदा होते. बरसीम हे हिवाळी, पाण्यावरचे पीक. मुरमाड उतारावर त्याचा निभाव लागणे नाही. आपल्याकडे गवताला नत्र पुरविण्याचे ते काम उष्ण प्रदेशातून आलेली स्टायलो ही द्विदल वनस्पती करते. माती धरून ठेवण्याचा मुख्य भार मात्र गवतावरच असतो. स्टायलोच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, आणि त्या पोषणावर निकस जमिनीतही गवत दाट होते.

बी नुसते फेकले की कुरण तयार होते, या भाबड्या विश्वासापायी मात्र पुष्कळ बियाणे वाया गेले आहे. उतारावर फेकलेले बी पहिल्याच सरीत वाहून जाते, आणि खोल पुरलेले नाजूक बी वर येत नाही. म्हणून उताराला आडव्या, समतल ओळींत, जेमतेम एक सेंटिमीटर खोलीवर, पावसाच्या तोंडी पेरणी करावी. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असल्याने ते आधी गरम पाण्याच्या प्रक्रियेने मऊ करून घ्यावे. पहिल्या वर्षी मुळे बसेपर्यंत गुरांना पूर्ण मज्जाव असावा आणि पुढेही चराईपेक्षा गवत कापून नेण्याची तजवीज बरी. हा निर्बंध गावाने एकमताने घातला, तरच तो टिकतो.

गवताने दरड थांबते, हा समज तर सर्वांत घातक. ३० जुलै २०१४ रोजी माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले, तशा आपत्तीत डोंगराचा खोलवर भिजलेला थर मुळांसकट घसरतो. तेथे पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था आणि वेळीच स्थलांतर, हेच इलाज आहेत.