चौकांतील दिव्यांची निगा

लंडन शहरांत पार्लमेंटच्या इमारतीजवळ १८६८ च्या डिसेंबरांत वाहतुकीचा पहिला दिवा उभा राहिला. जे. पी. नाइट या रेल्वे-इंजिनियरानें तो योजिला होता. दिवसा खांबाचे हात वर-खालीं होत आणि रात्रीं गॅसचे तांबडे व हिरवे दिवे लागत. पुढल्याच महिन्यांत गळक्या गॅसचा स्फोट होऊन दिवा चालविणारा पोलीस शिपाई भाजला व ती योजना मागें पडली. १९१४ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत विजेचे दिवे लागले. गॅस गेला, निगेची गरज मात्र गेली नाहीं.

चौकाच्या कोपऱ्यावर जी लोखंडी पेटी दिसते, तींत या यंत्रणेचें सारें मर्म असतें. कोणत्या रस्त्यास किती सेकंद मोकळीक द्यावयाची हें नियंत्रक ठरवितो. त्याची आज्ञा होतांच दिव्यांना प्रत्यक्ष वीज सोडण्याचें काम विद्युत्-खटके करतात. तिसरा घटक म्हणजे पहारेकरी यंत्र. तें नियंत्रकाच्या शब्दावर विसंबत नाहीं. दिव्यांच्या तारांवर खरोखर दाब आहे कीं नाहीं हें स्वतः पाहतें. एकमेकांस छेदणाऱ्या दोन रस्त्यांना एकाच वेळीं हिरवा दिवा मिळाल्यास सुमारें अर्ध्या सेकंदांत तें नियंत्रकाची सत्ता काढून घेतें. मग अमेरिकेंत दिव्यांची उघडझाप सुरू होते, तर ब्रिटनमध्यें सारे दिवे विझतात. विझलेला दिवा वाहनचालकास सावध करतो. खोटा हिरवा दिवा त्यास निःशंक करून मृत्यूच्या तोंडीं देतो.

दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें प्रथम हातांस नव्हे, डोळ्यांस काम द्यावें. सारा चौक अंधारांत असेल, तर दोष पुरवठ्यांत अथवा मुख्य फ्यूजमध्यें शोधावा. एकाच खांबावरील एकच दिवा गेला असेल, तर तो दिवा व त्याची जोडणी पाहावी. एका रस्त्याचा एकच रंग सर्व खांबांवर गेला असेल, तर खटक्याचा संशय घ्यावा. चौक पोलिसांच्या हातीं देऊन तो खटका शेजारच्या खटक्याशीं बदलावा. दोष त्याच्याबरोबर दुसरीकडे गेला, तर खटकाच दोषी. जागच्या जागीं राहिला, तर तारा तपासाव्या.

कधीं कधीं चोर भलताच असतो. खटका बंद असतांहि त्यांतून किंचित् वीज झिरपते. दिवा शाबूत असेल, तर ती त्यांतून निघून जाते. परंतु त्या तारेवरील सारे हिरवे दिवे गेले किंवा तार तुटली, तर तेथें दाब उरतो आणि पहारेकरी यंत्रास हिरवा दिवा लागल्याचा भास होतो. अशा वेळीं तक्रार दोन हिरव्या दिव्यांची असली, तरी शोध गेलेल्या दिव्याचा करावा लागतो. कारण न शोधतां कळ दाबून चौक पुन्हां सुरू करणें हा मोह सर्वांत घातक होय.

कित्येक चौकांत रस्त्याच्या पोटांत तारेचें वेटोळें पुरलेलें असतें. वर वाहन आलें कीं धातूमुळें वेटोळ्याचा विद्युत्-गुण बदलतो व नियंत्रकास वर्दी मिळते. रस्ता खणतांना ही तार तुटली, तर बहुतेक यंत्रें वाहन सदैव उभेंच आहे असें धरतात. मग रिकाम्या रस्त्यास हिरवा दिवा मिळत राहतो व भरलेला रस्ता तिष्ठतो. लोक घड्याळास दोष देतात. दोष असतो कुदळीचा.

मुंबई-कोंकणाकडे तर मृग लागण्यापूर्वींच पेटीच्या दाराचें रबर, तारांचें वेष्टण व अर्थिंगची जोडणी तपासलेली असावी. अर्थिंग गंजलें असेल, तर आकाशांतल्या विजेचा आघात पेटींतच विसावतो. भिंगांवरील धूळ पुसावी, मुंग्यांचीं वारुळें काढावीं. प्रत्येक पेटींत एक नोंदवही ठेवून तींत दोष, कारण व उपाय तारीखवार लिहावे. तोच दोष तिसऱ्यांदा आला, तर पूर्वीं केवळ लक्षण मिटलें, रोग मिटला नाहीं, हें ती वही सांगते. हिरवा दिवा पाहून निर्धास्तपणें रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा विश्वास या न दिसणाऱ्या कामावरच उभा असतो.