थर्ड: क्रम कुणी ठरवलाच नाही असा अल्बम

प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी मार्चमध्ये जवळजवळ लिहून संपवलं होतं. एप्रिलमध्ये त्यातली अर्धी पानं बाजूला काढावी लागली. मार्गदर्शक बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'हा क्रम कुणाचा?' आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: माझा विषय आहे ध्वनिमुद्रित संगीतातला 'पाठ'. म्हणजे पोथीचा पाठ आपण म्हणतो त्या अर्थाने. एखादा अल्बम म्हणजे नक्की काय? टेपवरचं रेकॉर्डिंग, की दुकानात आलेली तबकडी, की कलाकाराच्या डोक्यात होतं ते? बहुतेक अल्बमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की प्रश्न पडत नाही. 'बिग स्टार' या बँडच्या तिसऱ्या अल्बमने मात्र माझी चांगलीच जिरवली.

बिग स्टार हा अमेरिकेतल्या मेम्फिसचा बँड, 1971 साली जमलेला. अ‍ॅलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स. चिल्टन त्याआधी 'बॉक्स टॉप्स'चा गायक होता आणि 16 व्या वर्षी त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. बिग स्टार जे वाजवायचे त्याला पॉवर-पॉप म्हणतात: बीटल्सच्या वळणाच्या गोड चाली, एकत्र गायलेले आवाज, पण गिटार आणि ड्रम्स रॉकच्या जोराने. तेव्हा मोठे बँड लांबलचक गिटार-सोलो वाजवत होते, आणि हे लोक तीन मिनिटांची घट्ट गाणी करत होते.

पहिला अल्बम 1972 चा, दुसरा 1974 चा. समीक्षकांनी डोक्यावर घेतले, पण दुकानांत तबकड्या पोचल्याच नाहीत. वितरण स्टॅक्स या कंपनीकडे होतं, स्टॅक्सचा करार कोलंबियाशी होता, आणि त्या दोघांचं फाटलं. लोकांना आवडलं नाही म्हणून अपयश आलं असं नाही. लोकांच्या हातात पडलंच नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'काळाच्या पुढचा बँड' या लाडक्या गोष्टीत तो नेहमी गाळला जातो.

1974 च्या शरद ऋतूत तिसरं काम सुरू झालं तेव्हा बेल आणि हमेल दोघेही बँड सोडून गेले होते. उरले चिल्टन आणि स्टीफन्स. जागा तीच, मेम्फिसचा आर्डंट स्टुडिओ; निर्माता जिम डिकिन्सन. रोलिंग स्टोन्सच्या 'वाइल्ड हॉर्सेस'मध्ये पियानो वाजवलाय तोच हा. या टेपवर जे आहे ते ऐकून पॉवर-पॉप म्हणजे गोड गाणी असं समजणारा माणूस चक्रावतो. एका गाण्यात व्हायोलिन-चेलोची सुंदर साथ, तर दुसऱ्यात हवा गेलेला बास्केटबॉल ड्रमच्या जागी बडवलेला. 'कांगारू'मध्ये चिल्टनने आवाज आणि गिटार एकाच ट्रॅकवर भरले. एरवी दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात, म्हणजे नंतर एक कमी, दुसरं जास्त करता येतं. इथे ती सोयच ठेवली नाही. डिकिन्सनला त्याच्याभोवती बाकीचं सगळं रचावं लागलं. (हेडफोन लावून ऐका. स्पीकरवर नुसता गोंधळ वाटतो.)

रेकॉर्डिंग झालं, 1975 मध्ये चाचणीच्या काही तबकड्या काढल्या. स्टुडिओचा मालक जॉन फ्राय आणि डिकिन्सन त्या घेऊन कंपन्यांकडे गेले. कुणालाच नको होतं. वर्षाच्या शेवटी स्टॅक्सचं दिवाळं निघालं. टेप पडून राहिली ती 1978 पर्यंत. मग पीव्हीसी नावाच्या छोट्या कंपनीने ती बाजारात आणली.

आता माझ्या चुकीकडे येते. अल्बम बाजारात आणताना काही निर्णय पक्के करावे लागतात: कुठली गाणी घ्यायची, कुठल्या क्रमाने, पहिली बाजू कुठे संपवायची, नाव काय, मुखपृष्ठ काय. रेकॉर्डिंगनंतर लगेच कंपनीने अल्बम घेतला असता तर यातलं प्रत्येक कुणीतरी ठरवलं असतं, निदान भांडून का होईना. इथे ती वेळच आली नाही. नावसुद्धा दोन चालतात, 'थर्ड' आणि 'सिस्टर लव्हर्स'. हा बिग स्टारचा अल्बम आहे हेही नक्की नाही. चिल्टन स्वतः पुढे तसं म्हणायला फारसा राजी नसे.

मी प्रकरणात लिहिलं होतं की अल्बम गोंगाटाकडून शांततेकडे जातो. सुरुवातीला 'किझा मी'चा धिंगाणा, शेवटी 'टेक केअर', हळू आवाजातला निरोप. चार पानं त्या निरोपावर होती. पण हा क्रम आहे 1992 च्या रायकोडिस्कच्या सीडीचा. 1978 च्या पीव्हीसीच्या तबकडीवर 'टेक केअर' पहिल्या बाजूच्या शेवटी येतं, आणि अल्बम संपतो 'थँक यू फ्रेंड्स'वर. मित्रांचे आभार मानणारं गाणं, पण इतक्या अपयशानंतर ते ऐकताना आभार आहेत की टोमणा, ते कळत नाही. एक क्रम ऐकून श्रोता हळवा होऊन उठतो, दुसरा ऐकून अस्वस्थ. मी ज्याला 'चिल्टनचा निरोप' म्हणत होते तो सीडीच्या क्रमाने तयार केलेला परिणाम होता.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. शेकडो हस्तलिखितं ताडून, प्रक्षेप बाजूला काढून, मिळेल तितकं जुनं रूप उभं करायचं, ही ती पद्धत. मी पहिल्यांदा हेच करू पाहत होते: सगळ्या आवृत्त्या मांडायच्या आणि मागे मागे जात मूळ क्रम शोधायचा. पण तिथे मुळाशी जुना पाठ होता असं धरता येतं. तो नकलाकारांच्या हातून बदलत गेला. इथे मुळाशी मोकळी जागा आहे. 1975 ची चाचणी-तबकडी सर्वांत जुनी खरी, पण ती कंपन्यांना ऐकवण्यासाठी काढलेली. तिला मूळ पाठ म्हणणं म्हणजे नोकरीच्या अर्जाला आत्मचरित्र म्हणण्यासारखं आहे.

2016 मध्ये ऑम्निव्होरने तीन सीडींचा संच काढला, 69 ट्रॅकचा: आधीचे कच्चे आराखडे, अर्धवट मिक्स, शेवटचे मिक्स, सगळं. संशोधकाला मेजवानी, पण क्रमाच्या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही, उलट पर्याय वाढतात.

ख्रिस बेलचं तर याहून अवघड. त्याची एकट्याची गाणीही अशीच पडून होती. 27 डिसेंबर 1978 ला मोटार अपघातात तो गेला, वय 27. 'आय अ‍ॅम द कॉसमॉस' हा अल्बम निघाला थेट 1992 मध्ये, त्याच रायकोडिस्ककडून. चिल्टन निदान 2010 पर्यंत होता, नापसंती बोलून दाखवू शकत होता. बेलला विचारणारच कुणी नव्हतं.

तर प्रकरण आता नव्याने लिहितेय. निरोपाची चार पानं परिशिष्टात टाकायची असं मी म्हणत होते, बाई म्हणाल्या, 'काढूनच टाक गं.' काढली. त्याऐवजी प्रत्येक आवृत्तीचा क्रम स्वतंत्र पाठ मानतेय आणि तो कुणी, कधी, कुणासाठी लावला एवढंच विचारतेय. गाण्यांच्या आतल्या गोष्टींबद्दल, म्हणजे चाल, आवाज, तो बास्केटबॉल, मला अजूनही ठामपणे लिहिता येतं. त्या टेपवर आहेत. 'टेक केअर' मात्र मी अजून सगळ्यांत शेवटीच ऐकते. ते प्रबंधात येणार नाही.