परंड्याचा वेढा मांडताना

१६३४ च्या उन्हाळ्यात मोगल फौज परंड्यापुढून माघारी गेली. शाहजहानचा मुलगा शाह शुजा नावापुरता सेनापती होता, कारभार महाबतखानाच्या हाती होता. किल्ला तेव्हा आदिलशाहीकडे होता. वेढा काही महिने चालला आणि उठला. वेढ्याभोवतीच्या मुलखात चारा आणि सरपण उरले नव्हते, ते लांबून आणावे लागे. चाऱ्याला गेलेल्या तुकड्यांवर आदिलशाही स्वार तुटून पडत. मोगल सरदारांचे आपसात पटत नव्हते. आणि पाऊस तोंडावर आला होता. या चार कारणांपैकी कोणते किती वजनाचे, हे पुस्तकात सांगितले नाही तरी वाचणाऱ्याचे अडत नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळाच्या सिनारिओ एडिटरमध्ये मात्र ते आकड्यांत लिहावे लागते, नाहीतर वेढा पुढे सरकतच नाही. त्या एडिटरचा हा परिचय.

खेळ बहुतेकांच्या ओळखीचा आहे. ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षे २००० च्या आसपास गेली, त्यांनी तो सायबर कॅफेत किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर पाहिलेला असतो: शेतकरी लाकडे तोडतात, धान्य जमवतात, मग बराकी, मग तट, मग स्वारी. अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओज या कंपनीने पहिला भाग १९९७ मध्ये काढला आणि दुसरा १९९९ मध्ये. दोन्हींत नकाशे करायचे साधन मोफत होते, पण फरक मोठा होता. पहिल्या भागात जमीन रंगवायची, माणसे ठेवायची, जिंकायची अट निवडायची, इथे काम संपे. दुसऱ्या भागात ट्रिगर आले, म्हणजे अमुक झाले तर तमुक घडेल असे आपण लिहायचे नियम. मुख्य मेनूत एडिटरचे बटण तेव्हापासून आहे. बहुतेक खेळणारे त्यावरून पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या खेळातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट त्या बटणामागे आहे.

एडिटर उघडला की हिरव्या गवताचा रिकामा चौकोन समोर येतो, कोपऱ्यावर उभा, पतंगासारखा. त्याचे चौरस तुकडे म्हणजे टाइल. नेहमीचा लहान नकाशा १२० गुणिले १२० टाइलचा, नेहमीचा मोठा २४० चा, आणि नव्या आवृत्तीत ४८० पर्यंत जाता येते. ब्रश घेऊन माती, वाळू, पाणी, जंगल रंगवायचे, जमीन उचलायची किंवा खाली बसवायची, कडे उभे करायचे. मग खेळाडू: जास्तीत जास्त आठ, आणि त्यांच्याखेरीज ‘गाया’ नावाचा नववा, म्हणजे झाडे, हरणे, लांडगे, जे कोणाच्याच मालकीचे नाही ते. प्रत्येकाचे नाव, धान्य-लाकूड-सोने-दगड यांचा सुरुवातीचा साठा, कोण कोणाचा मित्र आणि कोण शत्रू हे ठरवायचे. इथपर्यंतचे काम दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्यासारखे आहे, आणि तितकेच सुखाचे.

परंडा करायला घेतला की पहिली अडचण मापाची येते. खेळात एक वाडा चार गुणिले चार टाइलचा, घर दोन गुणिले दोन, आणि माणूस दारापेक्षा फारसा लहान नाही. माणसाच्या मापाने खरा भुईकोट काढायचा तर खंदक, दुहेरी तट, बुरूज आणि आतली वस्ती मिळून नकाशाचा मोठा भाग खाऊन टाकतात. मग बाहेरची छावणी कुठे मांडायची आणि चाऱ्यासाठी हिंडायचे माळरान कुठे? माळरान हवे तर किल्ला आक्रसावा लागतो. माझ्या मते परंड्याच्या बाबतीत किल्ला लहान करावा. १६३४ चा निकाल तटापाशी लागला नाही, तो तटापासून कितीतरी मैलांवर लागला.

तटापासून दूर म्हणजे कुठे, हे पाहताना ईटचा संबंध येतो. ईट हे भूम तालुक्यातले गाव, परंडा शेजारचा तालुका. किल्ल्याभोवतीचे गवत संपत गेले तसे चारा शोधणाऱ्या तुकड्यांचे वर्तुळ रुंदावत गेले असणार, आणि भूमकडची बालाघाटाच्या उतारावरची माळराने त्या वर्तुळाच्या कडेला आली असणार. हा तालुका आज खव्यासाठी ओळखला जातो. खवा म्हणजे दूध, दूध म्हणजे जनावरे, जनावरे म्हणजे कडबा. गोठ्यात किती जनावरे, कडबा किती, पाऊस लांबला तर किती दिवस पुरेल, हा हिशेब इथल्या घरात मुलांच्या कानावर रोज पडतो. दुष्काळी वर्षांत चारा छावण्या लागतात हेही त्यांनी पाहिलेले असते. मोगल छावणीतल्या हजारो घोड्यांचे, बैलांचे, हत्तींचे पोट ही काय चीज आहे, हे शहरातल्या मुलाला समजावून सांगावे लागते. ईटच्या मुलाला सांगावे लागत नाही.

किल्ला काढतानाच एक मोह होतो, तो आवरायला हवा. परंडा म्हटले की मुलूखमैदान तोफ आठवते. रुमीखानाने ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा, वजन सुमारे ५५ टन. ती परंड्याला होती खरी, पण मुरार पंडिताने १६३२ मध्ये ती विजापूरला नेली आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. म्हणजे महाबतखान आला त्याच्या दोन वर्षे आधीच ती गेली होती. बुरुजावर तिच्यासाठी सगळ्यात देखणी जागा राखून ठेवली, तरी १६३४ च्या नकाशात ती ठेवता येत नाही.

तोफांचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. खेळातल्या बॉम्बार्ड कॅनन या तोफेचा पल्ला १२ टाइलचा आणि तटावरच्या बॉम्बार्ड टॉवरचा ८ चा. मोगल बाजूला पाच-सहा तोफा दिल्या की त्या सुरक्षित अंतरावर उभ्या राहून थोड्या वेळात तट फोडतात, आणि प्रत्यक्षात काही महिन्यांत जे झाले नाही ते पडद्यावर दुपारच्या चहाआधी होते. खंदक खोल पाण्याचा केला तर पायदळाची वाट बंद होते, पण तोफेचा गोळा पाण्यावरून जातोच. इथे नकाशा करणाऱ्याला खेळाच्या नियमांशी वाटाघाट करावी लागते. तोफा एक-दोनच द्यायच्या, तटाची ताकद ट्रिगरने वाढवायची, फुटलेला तट आतून बांधून काढायला किल्ल्यात गवंडी ठेवायचे. यातला प्रत्येक आकडा आपण ठरवलेला असतो. तो का ठरवला, याचे उत्तर देता आले पाहिजे.

आता ट्रिगर. प्रत्येक ट्रिगरला दोन भाग: एक अट, एक परिणाम. अमुक झाले तर तमुक होईल. अटींच्या यादीत ‘टायमर’ असतो, ‘ऑब्जेक्ट्स इन एरिया’ असते, म्हणजे या चौकोनात इतकी माणसे किंवा गाड्या आल्या का, ‘डिस्ट्रॉय ऑब्जेक्ट’ असते. परिणामांत नवे सैन्य उभे करणे, एखाद्या तुकडीला हुकूम देणे, पडद्यावर मजकूर दाखवणे, साठा बदलणे, मैत्री-शत्रुत्व बदलणे, विजय जाहीर करणे. एकच ट्रिगर पुन्हा पुन्हा चालू ठेवता येतो, आणि एक ट्रिगर दुसऱ्याला जागे करू शकतो किंवा झोपवू शकतो.

मूळ खेळात सैन्याला भूक लागत नाही. स्वार एकदा उभा केला की शंभर मिनिटे उपाशी लढतो. परंड्याचा वेढा याच एका गोष्टीने खोटा ठरतो, म्हणून भूक आपणच बांधायची. दर मिनिटाला फिरणारा टायमर आणि ‘मॉडिफाय रिसोर्स’ हा परिणाम घेतला की छावणीच्या धान्यसाठ्यातून ठरावीक आकडा वजा होत राहतो. नकाशाच्या दूरच्या कोपऱ्यांत गवताचे पट्टे ठेवायचे, तिथून गाड्या निघायच्या, आणि गाडी छावणीच्या चौकोनात पोचली की साठा वाढायचा. सुरुवातीला जवळचे पट्टे चालू, मग एकेक बंद होत दूरचे उघडायचे. साठा ठरावीक रेषेखाली गेला की ‘डॅमेज ऑब्जेक्ट’ने घोड्यांची ताकद थोडी थोडी उतरवायची. एकदम मारायची नाही, कारण भुकेने जनावर एकदम मरत नाही, आधी ते चालेनासे होते. किल्ल्याबाहेरचे आदिलशाही स्वार वाटांवर फिरत ठेवायचे. आता मोगल बाजूने खेळणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो: गाड्यांना सोबत म्हणून स्वार पाठवावेत तर मोर्चे रिकामे पडतात, मोर्चे भरून ठेवावेत तर गाड्या लुटल्या जातात. असा नकाशा एकदा खेळला की महाबतखानाचे हाल कोणी वेगळे सांगावे लागत नाहीत.

सरदारांची भांडणे मांडणे त्याहून कठीण आहे. एक मार्ग असा की मोगल फौज एकाच खेळाडूकडे न देता दोन-तीन खेळाडूंत वाटायची, सुरुवातीला सगळे मित्र ठेवायचे, आणि एखाद्याने दुसऱ्याच्या मदतीला जायला उशीर केला की ‘चेंज डिप्लोमसी’ने त्यांना तटस्थ करायचे. मग त्यांचे दरवाजे एकमेकांना उघडत नाहीत, नजर एकमेकांना मिळत नाही. एवढ्याने मत्सर उभा राहतो का? पूर्ण नाही. या साधनाची ही सीमा मान्य करावी लागते. चारा मोजता येतो, पाऊस टायमरने आणता येतो, माणसाचा अहंकार चौकोनात किती जण आले यावरून मोजता येत नाही.

बाजू निवडतानाही आपला मुलूख अडचणीत टाकतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली. जुन्या एकाच ‘इंडियन्स’चे हिंदुस्तानी झाले, आणि बंगाली, द्रविड, गुर्जर अशा तीन नव्या बाजू मिळाल्या. मोहिमा बाबर, देवपाल आणि राजेंद्र चोळ यांच्या. नर्मदेपासून कृष्णेपर्यंतचा दख्खन त्यात नाही. देवगिरीचे यादव नाहीत, बहमनी नाहीत, निजामशाही नाही, मलिक अंबर नाही, ज्याने अहमदनगर पडल्यावर याच परंड्यात दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले. म्हणून परंड्याच्या नकाशात मोगलही हिंदुस्तानी आणि आदिलशाहीही हिंदुस्तानी घ्यावी लागते, किंवा विजापूरच्या दरबाराचे इराणी वळण दाखवायला पर्शियन. नावे बदलता येतात, सरदारांना नावे देता येतात, मजकूर आपल्या भाषेत लिहिता येतो. खेळाच्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. पोकळी मोठी आहे, आणि ती भरायचे साधन खेळाबरोबरच हातात आलेले आहे. मला हा एडिटर इतका महत्त्वाचा वाटतो, त्याचे कारण हेच.

हौशी हातांनी जगभर काय केले, तेही सांगायला हवे. १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’च्या एडिटरमध्ये कोणीतरी ‘एऑन ऑफ स्ट्राइफ’ नावाचा नकाशा केला. त्याच कल्पनेवर ‘वॉरक्राफ्ट ३’च्या एडिटरमध्ये ‘डोटा’ घडला, आणि त्यातून २०१३ मध्ये ‘डोटा २’ हा स्वतंत्र खेळ आला, ज्याच्या स्पर्धा आज स्टेडियममध्ये होतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’चेच पाहा. कंपनीने हात काढून घेतल्यावर चाहत्यांनी २०१२ मध्ये ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ ही भर स्वतःच तयार केली. पुढल्याच वर्षी ती अधिकृत झाली, आणि त्या चाहत्यांचा चमू आज या खेळाच्या मुख्य कारागिरांत आहे. २०२४ मध्ये आलेल्या ‘व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड’ पुरवणीत १९ सिनारिओ आहेत, त्यांतले बरेचसे एका हौशी कारागिराने आधी स्वतःच्या आवडीने करून फुकट वाटलेले होते. यांतल्या नकाशे करणाऱ्यांनी सुरुवात अशाच एखाद्या रिकाम्या चौकोनावर केली.

परंडा झाल्यावर खर्डा घ्यावा. ईटहून तो जवळच, मध्ये जिल्ह्याची हद्द तेवढी. ११ मार्च १७९५ रोजी तिथे मराठ्यांची आणि निजामअलीची लढाई झाली. निजाम मोहरी घाट उतरून आला होता आणि परंड्याच्या दिशेने निघाला होता. मराठ्यांकडे परशुरामभाऊ पटवर्धन, शिंद्यांची कवायती पलटणे, होळकर, नागपूरकर भोसले. निजामाकडे फ्रेंच रेमोंची पलटणे. या काळासाठी ‘एज ऑफ एम्पायर्स ३’चा एडिटर बरा. त्यात २००७ च्या पुरवणीपासून हिंदी शिपाई आहेत, उंटावरच्या जंबुरका आहेत, अंबारीचे हत्ती आहेत, आणि ‘डेक्कन’ नावाचा नकाशाही आहे. मैदानावर फार माणसे पडली नाहीत. निजाम रात्री गोंधळून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, आत पाण्याचे हाल झाले, आणि काही दिवसांत त्याला तहाला यावे लागले. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, या वेळी चाऱ्याऐवजी पाण्याचा. पहिला ट्रिगर किल्ल्यातल्या पाण्याचा लिहावा: माणसे किती, जनावरे किती, आणि दर मिनिटाला साठ्यातून किती वजा करायचे.