फंक्शनमध्ये मार्क बदलले, मूळ तक्ताही बदलला! सी भाषेत असं का होतं?

सी भाषेत फंक्शनला साधा आकडा दिला की त्याची प्रत जाते. पण द्विमितीय अ‍ॅरे, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता दिला की प्रत जात नाही, पहिल्या ओळीचा पत्ता जातो. म्हणून फंक्शनमधला बदल थेट मूळ तक्त्यात होतो.

रकाने का सांगावे लागतात?

मेमरीत तक्ता ओळीमागून ओळ असा सलग असतो. मोजणी 0 पासून. 4 रकाने असतील तर ओळ 1, रकाना 2 मधला आकडा 1×4+2, म्हणजे 6 घरं पुढे. रकाने माहीत नसतील तर हे गणितच जमत नाही.

मग प्रत कशी काढायची?

अ‍ॅरेला बरोबरचं चिन्ह चालत नाही. दोन लूप लावा किंवा मेमकॉपी वापरा. पण सांभाळून! 3×4 पूर्णांकांचा तक्ता सहसा 48 बाइटचा असतो. फंक्शनच्या आत मात्र साइझऑफ फक्त पत्त्याचा आकार सांगतो, 64-बिट कॉम्प्युटरवर 8 बाइट. तोच मेमकॉपीला दिला तर 12 पैकी 2 आकडेच कॉपी होतात आणि प्रोग्रॅम निमूट चालत राहतो. त्यामुळे ओळी × रकाने × एका घटकाचा आकार, असा हिशोब स्वतः करा.